सुईणीवर घेतलेला आळ

आमच्या गावातली दोन-चार म्हातारी माणसं अजूनही मला ‘गोवरवाले डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर कधीच नव्हतो. आणि गोवराचं म्हणाल, तर मी तो बरा केला नाही, थांबवला नाही, ओळखलासुद्धा उशिरा. आता वय चौऱ्याऐंशी आहे. या वयात माणसानं खोट्या पदव्या उतरवून ठेवाव्यात म्हणून लिहायला बसलो. माझ्या या पदवीपायी एका बाईची गावातली अब्रू गेली. ती आमच्या गावची सुईण होती.

मी निजामी अमलात देवी टोचणारा होतो. देवीच्या रोगाची लस लेकरांच्या दंडावर टोचत गावोगाव फिरायचं, हे काम. हिंगोलीच्या दवाखान्यात थोडे दिवस शिकवलं आणि हातात एक लाकडी पेटी दिली. पेटीत टोचणी, स्पिरिटचा दिवा, काचेच्या बारीक नळ्यांतली लस आणि एक रजिस्टर. टोचायचं कसं ते मी मन लावून शिकलो. टोचल्यानं शरीरात काय होतं तेही सांगितलं असणार, पण त्या वेळी माझं लक्ष पेटीवरच्या सरकारी शिक्क्याकडे होतं. वय तेवीस. पेटी घेऊन गावात शिरलो की लोक पारावरून उठून उभे राहत. माणूस बिघडायला एवढं पुष्कळ असतं.

अडचण एकच होती. माणसं उठून उभी राहत, पण लेकरं पळून जात. त्यावर मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. थोरल्या भावाची पाच वर्षांची पोरगी मी बैलगाडीत बरोबर नेत असे. तिला आधीच टोचलेलं होतं. गावात गेलं की सगळ्यांसमोर तिच्या दंडावर कोरडी टोचणी टेकवायची आणि तिनं खुदकन हसायचं. मग बाकीची लेकरं हळूहळू जवळ येत. पोरगी हसायच्या कामात माझ्यापेक्षा हुशार होती.

त्या वर्षी, हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा, मी तिला पूर्णा नदीपलीकडच्या एका गावी नेलं. तिथल्या पाच-सहा लेकरांचे डोळे लाल होते, नाकं वाहत होती, खोकत होती. माझी पुतणी दुपारभर त्यांच्यात बसून सोलाणे खात होती. मी ते पाहिलं, हवा बदलली आहे असं म्हणालो, आणि टोचत राहिलो.

घरी आलो तर दोन गडबडी एकदम सुरू होत्या. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि म्हैसही व्यायला झाली होती. पुढच्या आठवड्यात दोघी एका दिवसाच्या अंतरानं मोकळ्या झाल्या. म्हशीला रेडकू झालं, बहिणीला मुलगा.

आमच्या घराकडं देवळाची पूजा. सुईण गावकुसाबाहेर राहणारी. एरवी तिला अंगणाच्या पुढं येऊ दिलं जात नसे. पण बाळंतिणीच्या खोलीला विटाळच असतो म्हणून तिथं ती थेट जाई. मला मात्र मोठा सरकारी माणूस असूनही बारशापर्यंत उंबरा ओलांडता येत नव्हता. मग मी उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसलो आणि तिथून हुकूम सोडायला लागलो.

पहिला हुकूम दुधाचा. आमच्याकडे बाईचं पहिल्या तीन दिवसांचं दूध लेकराला देत नसत. ते घट्ट, पिवळं, जड म्हणून पिळून टाकायचं आणि लेकराला मधाचं बोट, गुळाचं पाणी द्यायचं. ही आईची पद्धत. मी तिला विज्ञानाची जोड दिली. ‘ते दूध नऊ महिने साठलेलं असतं, शिळं असतं,’ असं मी सांगितलं. हे मला कुणीही शिकवलेलं नव्हतं. पाटावर बसल्या बसल्या सुचलं. एवढ्यावर न थांबता, दूध खरंच टाकतात की नाही हे तपासायला मी रोज वाटी बाहेर मागवायला लागलो.

सुईण पहिल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा खरवस खात होतो.

“बापू, एक इचारू का?” ती म्हणाली.

“विचार.”

“रेडकाला चीक पाजल्याबिगर तुमी म्हशीला हात लावू देत न्हाई. उरला चीक तुमी खाऊन राहिले. मंग या लेकरानंच काय घोडं मारलं?”

“म्हैस जनावर आहे,” मी म्हणालो.

“व्हय. म्हणून तिला कुनी शिकवाय जात न्हाई.”

आत बहीण हसली. ते मला ऐकू आलं आणि लागलं. मी वाटीची तपासणी अधिक कडक केली.

वाटी रोज येत होती. आत पिवळसर दूध असे. मी ती उजेडात धरून आईला दाखवत असे, “बघ, रंग बघ. हे लेकराच्या पोटात गेलं असतं म्हणजे?” आई मान हलवी. तिसऱ्या दिवशी वाटी थोडा वेळ माझ्याजवळच राहिली आणि तळाशी पिवळी रेती बसली. मी ती एक नवीन वैद्यकीय गोष्ट समजून आईला बोलावलं. आईनं वाटी नाकाजवळ नेली.

“आरं, हे शेळीचं दूध हाय. अन् खाली हळद बसली.”

म्हणजे तीन दिवस मी हळद घातलेलं शेळीचं दूध विषारी ठरवत होतो, आणि खोलीत लेकरू पहिल्या दिवसापासून आईचं दूध पीत होतं. सुईणीची ही करणी, आणि बहिणीची तिला साथ. मी उंबऱ्यावरून ओरडलो. सुईण शांतपणे म्हणाली, “आमच्याकडं मध कुठला बापू? आमच्या बाया पहिल्याच घटकेला लेकरू छातीशी लावत्यात. आमची लेकरं बी जगत्यात.”

बहीण म्हणाली, “दादा, ते भुकेलं होतं. तू बाहेर बसला होतास, तुला काय कळणार?”

तिथं विषय संपायला हवा होता. लेकरू टुणटुणीत होतं. पण माझी फजिती झाली होती, आणि फजिती झालेल्या तेवीस वर्षांच्या सरकारी माणसाइतकं घातकी जनावर मी पुढं आयुष्यात पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी पुतणीला ताप आला. डोळे लाल, नाक वाहतं, खोकला. मी सर्दी आहे असं सांगितलं. सर्दीच म्हटल्यावर तिला कोण अडवणार? ती दोन दिवस बाळंतिणीच्या खोलीतच लोळत होती, बाळाचे पापे घेत होती. सातव्या दिवशी तिच्या कानामागून पुरळ उठलं आणि दुपारपर्यंत तोंडभर झालं. गोवर ओळखायला डॉक्टर लागला नाही. शेजारच्या म्हातारीनं अंगणातूनच ओळखला.

अंगणात बायामाणसं जमली. सात दिवसांचं लेकरू आणि घरात गोवर, म्हणजे काय होणार हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळे माझ्याकडं बघत होते. सरकारी माणूस मी होतो. आई म्हणाली, “कुठून आला रं हा गोवर?”

त्या क्षणी मला पूर्णेपलीकडची ती लाल डोळ्यांची लेकरं आठवली. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला आठवलं होतं, अगदी स्पष्ट. आणि मी सुईणीकडं बोट केलं.

“ही घरोघर फिरते. हिच्याच पदरातून आला.”

“बापू,” ती म्हणाली, “या महिन्यात गावात दुसरं बाळंतपणच न्हाई. मी तुमच्याच घरी येऊन राहिले. कुठून आनू गोवर?”

“सरकारी माणूस मी आहे का तू?”

तिनं बाळाला शेकायची शेगडी आत नीट ठेवली, बहिणीला काहीतरी सांगितलं आणि निघून गेली. जाताना लोकांनी तिला वाट करून दिली. ती मानाची वाट नव्हती. पदर लागू नये म्हणून बायांनी लेकरं मागं ओढली होती.

आता बाळाला वाचवायचं माझ्यावर आलं. मी पेटी उघडली. माझ्याकडं देवीची लस होती आणि गोवराचं काहीच नव्हतं. म्हणून मी देवीचीच टोचली. बाळाला उंबऱ्यापर्यंत आणायला लावलं आणि सात दिवसांच्या त्या चिमटीएवढ्या दंडावर दोन ठिकाणी टोचलं.

“गोवराला देवीची लस चालती का रं?” आईनं विचारलं.

“रोग रोगच असतो, आई.”

एवढं गाढवासारखं वाक्य मी एवढ्या आत्मविश्वासानं पुन्हा कधी बोललो नाही. लस लागू झाली तर टोचल्या जागी आठवड्यात फोड येतो, त्याला आम्ही ‘उठली’ म्हणत असू. बाळाच्या दंडावर काहीच उठलं नाही. मी लोकांना सांगितलं, लस आतून भिनली आहे. रजिस्टरात लिहिलं, उठली.

बाळाला गोवर झाला नाही. पुतणी बरी झाली. गावात मात्र गोवर महिनाभर फिरला आणि त्यात दोन लेकरं गेली. त्यांच्या घरी मी पेटी घेऊन गेलो होतो, त्यांच्याही भावंडांना देवीची लस टोचली होती. लोकांनी हिशेब सरळ मांडला. लेकरं गेली ती सुईणीनं आणलेल्या गोवरानं, आणि सात दिवसांचं लेकरू वाचलं ते माझ्या लशीनं. मला हळूहळू मान मिळायला लागला. सुईणीला हळूहळू बोलावणं बंद झालं. पुढची बाळंतपणं शेजारच्या गावच्या बाईनं केली. सगळा जन्म या गावातली लेकरं जिनं हातात झेलली, ती वर्षाच्या आत घराला कडी लावून वारंग्याकडं लेकीच्या गावी गेली. ती गेली तेव्हा मी गावातच होतो. पारावर बसलो होतो.

त्यानंतर हिंगोलीला गेलो असताना दवाखान्यातल्या साहेबाला मी माझा पराक्रम सांगितला. तो आधी हसला, मग कंपाउंडरला बोलावून त्यालाही ऐकवायला लावलं. “देवीच्या लशीनं गोवर थांबतो, तर माझ्या छत्रीनं ऊनपण थांबतं आणि विंचूपण,” साहेब म्हणाला. मीही त्यांच्याबरोबर हसलो. गावी आल्यावर मात्र कुणाला काही सांगितलं नाही.

मग ते बाळ वाचलं कशानं? हा प्रश्न मी चाळीस वर्षं बाजूला ठेवला. माझी धाकटी सून लेकरांची डॉक्टर आहे. एकदा धीर करून तिला सगळं सांगितलं, फक्त नावाच्या जागी ‘आमच्या ओळखीचा एक देवी टोचणारा’ असं म्हणालो. तिनं पहिल्या दोन वाक्यांतच ओळखलं, पण सभ्य मुलगी, शेवटपर्यंत ‘त्या गृहस्थांनी’ असंच म्हणत राहिली.

तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत असं. लेकरू जन्मतं तेव्हा अगदी निःशस्त्र नसतं. त्याच्या अंगात राखणदार असतात. विषाणू शिरला की शरीरातल्या पेशी शेजारच्या पेशींना सावध करतात. पण ठरावीक शत्रूला ओळखून लक्षात ठेवणारे जे राखणदार, ते अजून नवशिके असतात. त्यांना शिकायला महिने लागतात. तोवर आईची शिदोरी कामाला येते. आईला पूर्वी जो रोग होऊन गेला असेल, त्याला अडवणारी द्रव्यं तिच्या रक्तात उरलेली असतात आणि पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, ती वारेतून लेकराच्या रक्तात जातात. काही महिने पुरतात, मग संपतात.

“आणि ते पिवळं दूध?” मी विचारलं.

“त्यातही राखणदार असतात, पण वेगळे. ते घशात, आतड्यात आतून लेप दिल्यासारखे बसतात. जुलाबाचे वगैरे विषाणू तिथंच अडतात. बाबा, ते दूध टाकणं म्हणजे लेकराचं पहिलं पांघरूण काढून घेणं. सुईण बरोबर होती.”

“म्हणजे गोवरापासून त्याला सुईणीनं वाचवलं.”

असं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं. एक खोटं श्रेय काढून तिच्या पदरात घातलं की मी मोकळा. पण सून म्हणाली, गोवराच्या बाबतीत दुधाचा भरवसा धरता येत नाही. तिथं रक्तातून आलेली शिदोरीच मोठी. “आत्यांना लहानपणी गोवर झाला होता का?”

झाला होता. ती सहा वर्षांची होती, मी नऊचा. आधी मला झाला होता. आईनं मला वेगळ्या खोलीत निजवलं होतं, आणि मला एकट्याला कंटाळा आला म्हणून मी दुपारी तिला खिडकीतून आत घेतलं, तिच्याशी चिंचोके खेळलो आणि हरल्यावर तिच्या तोंडावर मुद्दाम खोकलो. चौदा दिवसांत ती पुरळानं भरली. मला त्याबद्दल आईनं चांगलं बदडलं होतं.

सून हसून लोटपोट झाली. “मग त्या गृहस्थांनी भाच्यासाठी एक गोष्ट केली म्हणायची,” ती म्हणाली. दंडावरची लस का उठली नाही, तेही तिनं सांगितलं. कदाचित उन्हानं नळीतली लस मेली असेल, कदाचित आईकडून आलेल्या द्रव्यांनीच तिला उठू दिलं नसेल. म्हणजे मी शत्रू म्हणून आत सोडलेल्या लशीलाही त्या लेकराच्या पहारेकऱ्यांनी दारातून हाकललं असावं. रजिस्टरात मात्र ‘उठली’ आहे.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं लिहायला मी तीनदा कागद बदलला.

अठ्ठेचाळीस साल संपत आलं होतं, त्या गोवराला सहा-सात वर्षं झाली होती. निजामी राज्य गेलं होतं, माझी पेटी तीच होती, फक्त तिच्यावरचा शिक्का खरवडला होता. कळमनुरीकडच्या एका गावात लिंबाखाली टोचायला बसलो होतो. रांगेत एक म्हातारी नातीचं लेकरू घेऊन उभी होती. जवळ आली तेव्हा मी ओळखलं. तिनं मला आधीच ओळखलं असावं; रांग सोडून गेली नाही, पण डोळे खाली होते.

“बापू, बहिणीचं लेकरू कसं हाय?” तिनं विचारलं.

“शाळेत जातं.”

“देव पावला.”

मी टोचणी खाली ठेवली. मला काय झालं माहीत नाही. मी उठून उभा राहिलो आणि लिंबाखालच्या सगळ्या लोकांना म्हणालो, “या मावशीवर मी खोटा आळ घेतला होता. आमच्या गावात गोवर हिनं आणला नाही. माझ्या पुतणीला मी गोवराच्या गावात नेलं, तो मी आणला. आणि माझ्या लशीनं कुणी वाचलं नाही.” तिला मावशी मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

एक पागोटेवाला म्हणाला, “पाहा, केवढा मोठा मानूस. सरकारी असून किती नम्र.” दोघांनी मान डोलावली. कुणीतरी माझ्यासाठी दूध सांगितलं.

सुईणीनं हे सगळं ऐकून घेतलं.

“बापू,” ती हळू आवाजात म्हणाली, “हितं सांगून काय फायदा? हितं माझ्यावर कुनी आळ घेतलाच न्हाई. तितं चावडीवर सांगा. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या आया तितं हायेत. त्यांना वाटतं मी मारली.”

“सांगतो. पुढच्याच आठवड्यात गावी जाणार आहे.”

“मंग मी यीन. मला मरायच्या आधी घराची कडी काढायची हाय.”

मी गावी गेलो. पुढच्याच आठवड्यात गेलो, हे खरं आहे. सकाळी चावडीवर गेलो, तिथं पाटील होते, थोरला भाऊ होता, आणि गेलेल्या लेकरांपैकी एकाचा बापही होता. मी कोपऱ्यात बसलो. मनात वाक्य जुळवलं होतं, लिंबाखाली बोललो होतो तेच. तेवढ्यात त्या बापानं मला पाहिलं आणि घरी निरोप धाडला. त्याची बायको नवं बाळ घेऊन आली. मोठं लेकरू गेल्यावर कितीतरी वर्षांनी तिला हे झालं होतं. तिनं ते माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, याच्यावरून हात फिरवा. याला काई व्हायला नको.”

चावडी माझ्याकडं बघत होती. मी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणालो, “काही होणार नाही.” आणि चहा पिऊन घरी आलो.

सुईण आली नाही, कारण मी निरोप पाठवला नाही. नंतर पाठवू म्हणालो, मग पेरण्या आल्या, मग बदली आली. दोन वर्षांनी तिच्या लेकीच्या गावी गेलो तर ती गेलेली होती. लेकीनं मला पाणी दिलं. आईनं शेवटपर्यंत आमच्या गावाची वाट पाहिली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तिनंही आपणहून काही सांगितलं नाही.

त्या दोन लेकरांच्या आया आता नाहीत. त्यांची नातवंडं गावात आहेत. त्यांतल्या कुणाच्या हाती हा कागद पडला तर त्यांनी तो चावडीवर मोठ्यानं वाचावा. तुमच्या घरी गोवर सुईणीनं आणला नव्हता. मी आणला होता, आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं.